ओलिंतोनं दिलेलं सोपं यमक

हे मी लिहिणारच नव्हतो. कंटाळा म्हणून नाही. आमच्या मारेम्मात, इटलीतल्या या गुराख्यांच्या मुलखात, गायलेलं कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून. कवी उभा राहतो, जागच्या जागी ओळी जुळवतो, गातो, आणि त्या ओळी हवेत जातात. संपलं. कागद घेऊन मंचावर चढणाऱ्याला लोक खाली उतरवतात, आणि खाली बसून जो लिहून घेतो त्याच्याकडेही पाकीटमारासारखं बघतात. पण देल्फोच एक दिवस म्हणाला, लिही, आता काय राहिलंय. मग बसलो टाइप करत.

देल्फो म्हणजे आमच्या बिल्डिंगमधला, चौथ्या मजल्यावरचा. ऐंशी पार केलेला म्हातारा. सगळा जन्म घोड्यावर बसून गुरांमागे गेला, आणि शेवटी येऊन पडला तो ग्रोस्सेतो शहरातल्या या फ्लॅटमध्ये. इथून गुरं सोडा, झाडसुद्धा एकच दिसतं, तेही पार्किंगमधलं. फ्लॅट त्याच्या मुलीचा, लोरेदानाचा. लोरेदाना सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जायची आणि जाताना दाराला बाहेरून किल्ली फिरवायची. दोनदा. कट, कट. देल्फो कॉफीचा कप हातात धरून ते ऐकायचा. पहिल्या कटला त्याला राग यायचा. दुसऱ्या कटनंतर तो राग ठेवायचा कुठे हेच कळायचं नाही, कारण पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर परवडलं असतं.

"बाबा, गॅसला हात लावू नका. सूप करून ठेवलंय. दोनला आले की गरम करते."

"आणि आग लागली तर? मी आतच?"

"गॅसला हातच लावला नाहीत तर आग लागेल कशी?"

याला काय उत्तर देणार. जो माणूस चाळीस वर्षं भरल्या मैदानात उत्तरं देत आला, त्याला पोरीच्या एका वाक्यापुढे गप्प बसावं लागायचं.

हे कुलूप आलं ते एका गप्प बसण्यातूनच.

देल्फोच्या गावाला, पोज्जोफेर्रोला, जूनच्या शेवटच्या रविवारी चर्चसमोर मंच बांधतात आणि कवींचा सामना होतो. दोघं कवी उभे राहतात. लोक चिठ्ठ्यांवर विषय लिहून टोपीत टाकतात. सासू आणि सून, पाणी आणि दारू, मांजर आणि उंदीर, असले. एकानं एक बाजू घ्यायची, दुसऱ्यानं दुसरी. आठ ओळींचं कडवं, गाऊन. आणि नियम एकच, पण तो फास आहे फास. समोरचा शेवटच्या दोन ओळींत जे यमक टाकेल, तेच तुम्ही पहिल्या ओळीत उचलायचं, आणि पुढे आणखी दोनदा वापरायचं. म्हणजे जाता जाता समोरच्याच्या पायात काटा टाकून जायचं. जितकं कठीण यमक, तितका मान. आणि यमक उघडं असताना मंच सोडायचा नाही. पाऊस येवो, बायकोला कळा येवोत, उचललेलं संपवूनच खाली उतरायचं.

देल्फोच्या समोर कायम एकच माणूस. ओलिंतो. शेजारच्या गावचा, कोळसा भाजणारा, सडपातळ, पक्का बदमाश. दोघांनी एकमेकांना आयुष्यभर नुसतं छळलं. एकदा ओलिंतोनं 'टरबूज'वर कडवं संपवलं होतं. देल्फोला 'कुजबूज' सापडलं, 'खरबूज' सापडलं, तिसरा शब्द काही मिळेना, तेव्हा त्यानं आपल्या गाढवीचं नावच गाता गाता बदलून 'आंबूज' करून टाकलं. लोक बाकांवर उभे राहिले. गाढवी मरेपर्यंत आंबूजच राहिली.

तर गेल्या वर्षी टोपीतून निघालं, म्हातारपण आणि तारुण्य. लोक आधीच हसायला लागले, कारण दोघांचे मिळून धड दहा दात नव्हते. देल्फोच्या वाट्याला म्हातारपण आलं, ओलिंतोच्या तारुण्य. देल्फोची बायको आर्जिया त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. लोक म्हणाले, जाऊ दे, विषय बदला. देल्फो म्हणाला, बदलायचा नाही.

पहिली काही कडवी चांगली झाली. मग ओलिंतोनं आपलं कडवं असं संपवलं:

*म्हाताऱ्या, ऊठ की आता, उघड घराचं दार,*
*बाहेर ऊन हसतंय, तुझ्या आतच का अंधार?*

आणि देल्फो गप्प.

दार, अंधार. याला यमक शाळेतलं पोर देईल. भार, धार, गार, चार, हवे तितके घ्या. आणि देल्फो मंचावर तोंड मिटून उभा. सुरुवातीला लोकांना वाटलं मुद्दाम थांबलाय. मग कोणीतरी खोकलं. मग, आणि हे देल्फो कधीच विसरला नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हळूहळू, मऊ मऊ, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तशा. त्या टाळ्यांतच लोरेदाना मंचावर चढली आणि त्याला दंडाला धरून खाली घेऊन आली.

पुढचं सगळं त्याच उतारावर गेलं. स्मरणशक्ती बघायला डॉक्टरनं सांगितलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा. देल्फो म्हणाला, माझ्याकडे गुरं होती, घड्याळ नव्हतं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. गावातलं घर बंद झालं. मग एकदा तो बस थांब्यावर सापडला. तो पोज्जोफेर्रोच्या बसची वाट बघत होता, चांगला शुद्धीत, टोपी घालून. पण तो रविवार होता आणि रविवारी ती बस नसते. झालं. दुसऱ्या दिवसापासून कट, कट.

खरं काय ते देल्फोनं कोणालाच सांगितलं नाही. तो विसरला नव्हता. त्याला राग आला होता. ओलिंतोनं, त्या चांडाळानं, आयुष्यात पहिल्यांदा त्याला सोपं यमक दिलं होतं. दया केली होती. विधुराला, म्हाताऱ्याला, भरल्या मैदानात, लहान पोराला चमच्यानं भरवावं तसं भरवलं होतं. आणि त्या अपमानानं देल्फोचा गळाच बंद झाला. असं तो स्वतःला सांगायचा. दुपारी खुर्चीत बसून वर्षभर सांगायचा. आणि कधीकधी, सूप निवत असताना, त्याला वाटायचं, खरंच राग होता ना? की आत काही नव्हतंच, आणि राग मी नंतर आणून ठेवला?

हे एकदा कळायला हवं होतं. बस एवढंच. येत्या रविवारी मंचावर चढायचं, ते दार-अंधार उचलायचं आणि बघायचं. लोरेदानाला त्यानं महिनाभर मस्का लावला होता. गोळ्या वेळेवर. गॅसला हात नाही. आजचा वार विचारला की पटकन सांगायचा, वर कुठल्या संताचा दिवस तेही सांगायचा. शेवटी ती नरमली होती.

"रविवारपर्यंत असेच राहिलात ना बाबा, तर नेते. पण एकदा जरी गोंधळ झाला, तर मी तुम्हाला परत तिथे उभं करणार नाही. मला नाही बघवत ते."

"होणार नाही."

"मग नेईन."

तो गुरुवार होता. लोरेदाना गेलेली, बिल्डिंग रिकामी, निम्मे लोक समुद्रावर. आणि दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. गावची माणसं वाजवतात तशी, मुठीनं.

"कोण?"

"तारुण्य!"

देल्फो दाराशी गेला. आवाज ओळखीचा होता, फक्त त्यात धाप होती. त्यानं वर्षभर या माणसाचा एकही फोन घेतला नव्हता.

"काय पाहिजे?"

"पाणी पाहिजे. चार मजले! लिफ्टवर कागद चिकटवलाय, बंद आहे म्हणून. दार उघड, गाढवा."

"किल्ली नाही माझ्याकडे."

"हं?"

"पोरगी कुलूप लावून जाते."

मग ओलिंतो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पायरीवर बसला असावा, कारण आवाज खालून यायला लागला.

"म्हणजे तू कोंबडी झालास की रे! ती येऊन दाणे टाकते का?"

"सूप टाकते."

"चांगलं असतं का?"

"मीठ नसतं."

"अरेरे. हे मात्र फार झालं."

देल्फोला हसू आलं आणि हसू आल्याचाच राग आला. त्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि दाराला लावून बसला. मध्ये चार बोटं लाकूड. वर्षभर जे घोकलं होतं ते बाहेर यायला अजिबात वेळ लागला नाही.

"ओलिंतो, तू मला सोपं यमक का दिलंस?"

देल्फोनं आतून दारावर मूठ आपटली.

"दार आणि अंधार! मला! टरबूज देणारा माणूस तू! आर्जिया गेली म्हणून दया आली होय रे? सगळ्या गावासमोर दया? एक थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. मी गप्प का बसलो, माहितीये? तुझी भीक उचलायची नव्हती मला. विसरलो नव्हतो मी!"

"मला वाटलंच," ओलिंतो म्हणाला.

"काय वाटलं?"

"तू विसरला नसणार असं."

"मग?"

"दया नव्हती रे." ओलिंतोचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. सहावी ओळ म्हटली आणि पुढे पांढरं. सगळं पांढरं. समोर माणसं बसलेली, पण कोण, का बसलीत, काही कळेना. तू कोण तेसुद्धा जरा वेळ... समोर चर्चचं दार दिसत होतं. ते दिसलं म्हणून दार म्हटलं. अंधार कुठून आला देव जाणे. आला, नशीब. म्हटलं आता देल्फो उचलेल, तो गाईपर्यंत मला दम खाता येईल. आणि तू मेल्या तोंड मिटून उभा! लोक तुझ्याकडे बघत होते म्हणून माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी वाचलो."

देल्फोनं दारावर हात ठेवला. का ठेवला, त्यालाही माहीत नाही.

"तेव्हापासून होतं असं?"

"येतं आणि जातं. मौरोला माहीत नाही." मौरो म्हणजे ओलिंतोचा मुलगा. "रविवारी मी मंचावर नाही चढणार, तेवढं सांगायला आलो होतो. फोनवर तू बोलत नाहीस. म्हटलं बसनं जावं. चेरीपण आणल्या होत्या."

"कुठायत?"

"पिशवी रिकामी आहे," ओलिंतो म्हणाला. त्यालाच नवल वाटल्यासारखं. मग उठल्याचा आवाज आला, गुडघ्यांचा, कठड्याचा. "चल. भेट झाली. निघतो."

"थांब की."

"नको, बस जाईल. खाली उतरलं की डावीकडे ना?"

"कुठे डावीकडे?"

"बस." ओलिंतो थांबला. "की उजवीकडे? मी कुठून आलो रे, देल्फो? हे कुठलं गाव?"

देल्फोनं दाराची मूठ दाबली. कितीतरी महिन्यांनी दाबली असेल. ती खाली गेली आणि दार जागचं हललं नाही.

"ओलिंतो, खाली बस. मी लोरेदानाला फोन करतो, ती येईल."

"नाही!" बाहेरून थाप पडली. "तिला नाही! ती मौरोला सांगेल. मौरो मलाही कोंडेल. माझ्या घराला तर खिडकीपण एकच आहे, देल्फो. नाही. मी जातो. चालत जातो. रस्ता दिसेल."

एक पायरी उतरल्याचा आवाज आला. मग दुसरी.

खाली भर दुपारचं ऊन, मोठा रस्ता, ट्रक. फोन स्वयंपाकघराच्या पलीकडे. फोनपर्यंत जाऊन येईस्तोवर म्हातारा खाली पोचला असता. ओरडावं, तर बिल्डिंगमध्ये कोणी नाही. देल्फो दाराला कपाळ टेकवून उभा होता. वर्षभरात त्याला या दाराचा इतका राग आला नव्हता. आतल्या माणसाला ते अडवतं, बाहेरच्याला धरून ठेवत नाही, हा कुठला न्याय?

आणि मग त्यानं एकच गोष्ट केली जी त्याला येत होती. तोंड उघडलं आणि गायला लागला. शब्द शोधले नाहीत. नुसता पहिल्या ओळीचा सूर लावला, तो लांब, उंच, गुरांना हाक मारावी तसला, आणि शब्द मागून आले:

*किल्ली पोरीच्या पर्समध्ये, मी आतला पहारेदार,*
*राखायला गुरं नाहीत, राखतो कपाट;*
*बायको फोटोत हसते, बोलत नाही फार,*
*दोघं मिळून बघतो आम्ही दोन वाजायची वाट.*
*तरणा म्हणवतोस आणि जिन्यातच झालास गार,*
*इथवर आला ऐकू तुझ्या गुडघ्यांचा खडखडाट;*
*बस तिथेच पायरीवर, जाऊ नको उठून,*
*आणि सांग, तरण्या राजा, आणलंस काय तिकडून?*

पायऱ्या थांबल्या होत्या.

देल्फो धापा टाकत होता. पहारेदार, फार, गार. वर्षभर अडकलेलं यमक सुटलं होतं, आणि त्याला आनंद करायलाही वेळ नव्हता. तो कान लावून उभा होता. उठून, तिकडून. याहून सोपं यमक त्यानं जन्मात कोणाला दिलं नव्हतं. उचल, तो मनात म्हणत होता. उचल रे, बदमाशा. यमक उघडं आहे. उघडं यमक टाकून तू कधी उतरला नाहीस. तुझा बाप वारला त्या संध्याकाळीसुद्धा कडवं संपवून उतरलास.

जिन्यात सूर लागला. पातळ, थरथरता.

*आणल्या होत्या चेरी, त्या संपल्या बसमध्ये बसून...*

"वा!" देल्फो आतून ओरडला.

आणि पावलं वर आली. एक, मग एक.

नंतर किती वेळ गेला ते देल्फोला सांगता येत नाही. ते गात राहिले. एक आत, एक बाहेर. बिल्डिंगचा जिना उंच आणि रिकामा, आवाज वरच्या काचेपर्यंत जाऊन परत यायचा. ओलिंतोला कडवं म्हणताना सगळं सापडत होतं. त्यानं लोरेदानाच्या सुपावर चार ओळी केल्या, लिफ्टवर दोन केल्या, देल्फोच्या टकलावर तर अशी एक केली की ती इथे लिहिता येणार नाही. पण कडवं संपलं की तो लगेच म्हणायचा, "चला, बस जाईल." आणि देल्फो त्याला पुरतं बोलू न देता पुढचं कडवं सुरू करायचा, आणि प्रत्येक वेळी शेवटी एक सोपं यमक टाकायचा. पाणी, गाणी. घर, वर. हात, रात. काटे वेचून काढत होता आणि रस्त्यात गवत पसरत होता. त्याच्या लक्षात आलं, कठीण यमक देण्यापेक्षा हे फार अवघड आहे. असं सोपं द्यायचं की घेणाऱ्याला ते दिलंय हे कळू नये.

'पाणी'वर ओलिंतो अडला. दोनदा उचललं, राणी म्हणाला, वाणी म्हणाला, आणि पाचवी ओळ अर्ध्यात सोडून थांबला.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या पाल्मिराबाई बाजारातून वर आल्या होत्या. त्या भाजीची पिशवी खाली ठेवून, वरच्या पायरीवर बसून, तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावून ऐकत होत्या. त्यांना वाटलं झालं बहुतेक. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हळू, मऊ मऊ.

"टाळ्या नाही!" देल्फो आतून असा गरजला की पाल्मिराबाईंच्या हातातून रुमाल पडला. "कोण आहे तिकडे? खबरदार! अजून संपलं नाही!"

आणि त्याच सुरात, श्वास न घेता, त्यानं ओलिंतोची अर्धी ओळ आतून उचलली आणि पुरी केली:

*...तुझ्याच तोंडची चोरून नेतो मी ही केविलवाणी!*

आमच्याकडे समोरच्याला शब्द सुचवणं म्हणजे त्याचं नाक कापणं. पण ओळ चोरणं, ही थट्टा झाली. ओलिंतोला एक क्षण कळलं नाही. मग तो पायरीवर थापा मारत हसला.

"चोर! कोंडलेला चोर! बाई, बघितलंत? आतून चोरी करतो!"

"अहो, मला काय कळतंय त्यातलं," पाल्मिराबाई म्हणाल्या. "पण भांडू नका."

दोनला लोरेदाना आली. खालच्या मजल्यापासूनच तिला गाणं ऐकू येत होतं, ती धावत वर आली. तिनं बघितलं, ओलिंतोकाका पायरीवर, घामानं भिजलेले, हातात रिकामी कागदी पिशवी. तिनं घाईघाईनं किल्ली फिरवली. दार उघडलं. देल्फो खुर्चीत बसला होता, चेहरा लाल, डोळे असे चमकत होते की तिला आधी तापच वाटला.

"काय चाललंय हे? ओलिंतोकाका, तुम्ही इथे कसे? एकटे आलात? मौरोला माहितीये?"

ओलिंतोनं देल्फोकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते देल्फोनं मला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, बैलाला खाटकाच्या गाडीत चढवताना तो बघतो ना, तसं.

देल्फोला सगळं एकदम दिसलं. तो आता म्हणू शकत होता, पोरी, मी ठीक आहे. मला सगळं येतंय, यांना विचार. गेल्या वर्षी शब्द याचे गेले होते, माझे नाही. एवढं म्हटलं असतं तर रविवार त्याचा होता. कदाचित किल्लीपण. आणि एक खिडकीचं घर ओलिंतोचं.

"मीच बोलावलं त्याला," देल्फो म्हणाला.

"तुम्ही? कशाला?"

"सामना आहे ना आज. गावाला. म्हटलं दोघं मिळून जाऊ."

लोरेदानानं पर्स हळूच खाली ठेवली.

"बाबा. सामना रविवारी आहे."

"मग आज रविवारच ना?"

"आज गुरुवार आहे, बाबा."

"असं होय," देल्फो म्हणाला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. तिनं फक्त त्याच्या शर्टचं वरचं बटण लावलं, जे नीट लागलेलंच होतं. पाल्मिराबाई म्हणाल्या, "पण गात काय सुरेख होते हो," आणि आपली पिशवी उचलून घरात गेल्या.

"रविवारचं राहू दे आता," लोरेदाना म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"बरं."

"ओलिंतोकाका, तुम्हाला उगाच त्रास. एवढ्या उन्हात बसनं जाऊ नका, मी सोडते तुम्हाला घरापर्यंत. गाडी खाली आणते. बाबा, तुम्ही आतच बसा हं, मी आले की सूप देते."

ती खाली गेली. दार उघडं होतं, पहिल्यांदा, भर दुपारी. दोघंही बाहेर गेले नाहीत. देल्फो उंबऱ्याच्या आत, ओलिंतो बाहेर. उघड्या दारातून जिन्यातला गारवा येत होता.

"तू खोटं बोललास," ओलिंतो म्हणाला.

"तू वर्षभर बोलतोयस."

"ती तुला कधी सोडणार नाही आता."

"माहितीये."

"मग का बोललास, गाढवा?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला, मग लोरेदानाची हाक आली. ओलिंतोनं रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"देल्फो, परत पांढरं झालं तर? लोकांसमोर झालं तर? तशा टाळ्या माझ्यासाठी वाजल्या तर?"

"इकडे ये," देल्फो म्हणाला. त्यानं उंबऱ्याच्या आतूनच हात बाहेर काढला आणि ओलिंतोची कॉलर धरली, तरुणपणी भांडताना धरायचा तशी. "ऐक. रोज सकाळी कॉफी झाली की मी फोन करणार. दोन ओळी टाकणार, सोप्या. तू उचलायच्या. अडलास तर मी चोरणार, पण टाळी कोणाला वाजवू देणार नाही. हे कोणाला कळणार नाही, मौरोला नाही, हिला नाही. पण ज्या दिवशी तू यमक उचलणार नाहीस आणि मी कोण तेही तुला सांगता येणार नाही, त्या दिवशी मी मौरोला फोन करणार. त्याआधी नाही, आणि त्यानंतर एक दिवसही उशीर नाही. शब्द देतो तुला, ओलिंतो."